टिटवीने पिल्लं दाखवली नाहीत

फार पूर्वी एका नदीकाठच्या वाळूत टिटवीची पिल्लं वाढत होती. एके दिवशी म्हशींचा कळप तिथे बसायला आला.

"थांबा, पिल्लं तुडवली जातील," टिटवी म्हणाली.

"खोटं बोलते. असली तर दाखव," जवळच्या झाडावर बसलेला एक कावळा म्हणाला.

कावळ्याची भूक टिटवीला ठाऊक होती. ती पुढच्या म्हाताऱ्या म्हशीला म्हणाली, "आजी, दाखवणार नाही. पण तू म्हणशील तेव्हा ती ओरडतील, म्हणशील तेव्हा गप्प होतील."

म्हशीने मनाला येईल तेव्हा ओरडायला लावलं, मध्येच थांबवलं. टिटवीच्या इशाऱ्यासरशी वाळूतून चिवचिवाट उठला आणि थांबला. कावळा घिरट्या घालत राहिला, पण वाळूच्या रंगाची पिल्लं त्याला दिसली नाहीत.

"पिल्लं आहेत," म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली. कळप मागे वळला. टिटवी आनंदाने ओरडत आभाळभर फिरली.