संदर्भ कपाटातले यंत्र

नदीकाठच्या एका लहानशा शहरात एक जुने ग्रंथालय होते. तेथील ग्रंथपाल नीलकंठपंत दाबके कामात अत्यंत काटेकोर. ग्रंथालयात येईल त्या वस्तूवर शिक्का मारावा, दाखल क्रमांक घालावा आणि खाकी वेष्टन चढवावे, हा त्यांचा नियम.

एकदा कोणा एका दात्याने ग्रंथालयास पाटीएवढे एक यंत्र भेट दिले. त्यात ग्रंथ आहेत, खेळ आहेत आणि अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात, असे सोबतच्या पत्रात लिहिले होते. पंतांनी यंत्रावर शिक्का मारला, क्रमांक घातला, वेष्टन चढवले आणि ते संदर्भग्रंथांच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. ते चालवावे कसे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण तसे त्यांनी कोणास सांगितले नाही. वाचक काचेतून डोकावत, विचारत. "अभ्यास चालू आहे," असे पंत सांगत.

शिवणकामावर संसार चालवलेल्या अनसूयाबाई तेथे रोज वाचावयास येत. त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. एके सकाळी त्या पंतांच्या मेजापाशी आल्या.

"पंत, माझे नाव कमी करा. आता भिंगानेही अक्षर लागत नाही."

पंतांना ते पत्र आठवले. किल्ली खिशातच होती. आजूबाजूला वाचक बसले होते. पंत क्षणभर घुटमळले, मग उठून त्यांनी कपाट उघडले.

"यात अक्षरे मोठी होतात म्हणे. कशी, ते मला येत नाही."

"मग चार महिने अभ्यास कसला चालला होता?"

"कुलपाचा," पंत खाली मान घालून म्हणाले. वाचक हसले.

वेष्टन निघाले. शिक्का नेमका पडद्याच्या मधोमध पडला होता. तो ओल्या फडक्याने पुसावा लागला. सोबतच्या तारेने यंत्राला वीज जोडली आणि कडेची कळ दाबताच पडदा उजळला. प्रथम एक खेळ उघडला. बोराएवढी टपोरी अक्षरे बोटाने सरकवून शब्द जुळवायचा होता. पंत सलग तीन डाव हरले.

"आणि म्हणे ग्रंथपाल," अनसूयाबाई म्हणाल्या.

चौथ्या डावात पंतांची दोन बोटे पडद्यावर फाकली आणि अक्षरे एकाएकी वाढली. दोघेही थबकले.

"पुन्हा करा बघू."

मग त्यांनी एक ग्रंथ उघडला आणि तीच युक्ती केली. अनसूयाबाईंनी पहिली ओळ वाचली, मग दुसरी. पान संपले.

"पुढचे पान कसे उलटायचे?"

"ठाऊक नाही. पाहू या," असे म्हणून पंतांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

तात्पर्य: जो आपले अज्ञान झाकून ठेवतो, तो इतरांच्याही ज्ञानाची वाट अडवतो; जो ते मोकळेपणाने मान्य करतो, त्याच्यासोबत इतरही शिकतात.