परवच्यात हललेले ओठ

पाटीवर नव्हे, धुळीत बोटाने अक्षरं गिरवत, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका.

नदीकाठी एक गाव होतं. तिथल्या देवळात पंतोजींची शाळा भरायची. दिवेलागणीला चाळीस मुलं एका सुरात पाढे म्हणत. तो परवचा थेट वेशीपर्यंत ऐकू जाई. भाकरी थापणाऱ्या आईचा हात थबके, गुरं घेऊन परतणारा गुराखी घटकाभर वाटेत थांबे. काय गोड दिवस होते ते! मी ते फक्त ऐकलेत, तरी आठवून गलबलायला होतं.

पण त्यामुळे गावाची एक समजूत झाली होती. आवाज मोठा, म्हणजे शाळा चांगली.

तीस वर्षं शिकवून पंतोजी थकले. त्यांच्या जागी नवे गुरुजी आले आणि महिन्याभरात परवचा थांबला. गाव खवळलं.

"शिकवतात की झोपवतात?" लोक म्हणू लागले. "पोरं नुसती चिंचोके खेळतात म्हणे!"

पाटील म्हणाले, "पंतोजी, तुम्हीच जाऊन बघा. तुम्ही म्हणाल तर आजच त्यांच्या हाती नारळ देऊ."

पंतोजी ऐटीत निघाले. मागे पाटील आणि अर्धं गाव. त्यांना पाहून नव्या गुरुजींचा चेहरा उतरला.

देवळात मुलं जोडीजोडीने बसली होती. चिंचोक्यांच्या रांगा मांडत होती. ज्याला उमगलं तो शेजाऱ्याला समजावत होता. गुरुजी एकेकाजवळ बसून त्याचं ऐकत होते.

पंतोजींनी कुंभाराच्या मुलीला हाक मारली. ती त्यांची लाडकी. परवच्यात पहिल्या रांगेत असायची.

"सांग पोरी, सात चोक?"

मुलीने सात-सात चिंचोक्यांच्या चार रांगा मांडल्या. सावकाश मोजल्या. मग म्हणाली, "अठ्ठावीस."

"अगं, एवढा वेळ? माझ्या वेळी तर घडाघडा म्हणायचीस!"

"नाही हो, पंतोजी," मुलगी हसून म्हणाली. "तेव्हा मला येतच नव्हतं. सगळ्यांबरोबर मी नुसते ओठ हलवायची. तुम्ही मला शाबासकी द्यायचात."

मुलीच्या मनात खोट नव्हती. म्हणूनच ते पंतोजींच्या वर्मी लागलं.

पाटील पुढे झाले. "मग काय ठरलं? द्यायचा ना नारळ?"

नुसती मान हलवली असती, तरी पंतोजींचं तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. त्यांना ते कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"पाटील, नारळ द्यायचाच होता तर तो मला द्यायचा, तीस वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "ही पोर तीन वर्षं माझ्यापुढे बसली. तिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

नवे गुरुजी गावात राहिले. दुसऱ्या दिवसापासून पंतोजीही शाळेत येऊ लागले. दुखरी पाठ खांबाला टेकवून ते एकेका मुलाला जवळ बसवत आणि त्याला काय येतं, कुठे अडतं, ते विचारत. चाळीस मुलांचं ऐकायला त्यांना अकरा दिवस लागले.

बोध: सगळ्या वर्गाकडून वदवून घेणं सोपं; जो एकेका मुलाचं ऐकून घेतो, तोच खरा शिकवतो.