गारगोटीच्या पोटातला विस्तव

डोळे मिटा बघू. हुंकार मात्र देत राहायचा, नाहीतर मला वाटतं मी भिंतीशीच बोलतेय.

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. तिथं काडेपेटी कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. चूल विझली की शेजारी जायचं आणि गोवरीच्या तुकड्यावर निखारा घेऊन यायचं. त्या वाडीत लगमाबाई धनगरीण राहायची. लेक मेंढरं घेऊन दूर गेलेला, घरात सून, आणि सुनेच्या कुशीत चार दिवसांची नात. मग एके दुपारी अशा गारा पडल्या की छप्पर फाटलं, चूल विझली, बाळंतिणीची शेगडीही विझली. बाळाचे पाय गार पडले.

मग ती धावली पाटलिणीकडे. पाटलीण म्हणाली, "तिन्हीसांज झाली गं. आता विस्तव दिला तर लक्ष्मी जाईल."

मग गेली गुरविणीकडे. गुरवीण म्हणाली, "आज अवस आहे. उद्या ये."

मग गेली कुंभारणीकडे. ती तर जिवाभावाची मैत्रीण, बरं का! पण तिनं दार अर्धंच उघडलं. "तुझ्या घरी सोयर आहे, लगमे. दहा दिवस कसा देऊ?"

या शेवटच्या बोलण्यानं लगमाबाईला रडू आलं. घरी येताना पायरीपाशी तिला एका पांढऱ्या गारगोटीची ठेच लागली.

"मेल्या दगडा, तूही?"

दगड हसला. "तीन दारं कशाला हिंडलीस? विस्तव माझ्या पोटात आहे."

"मग दे की!"

"देईन. पण तो जन्मतो एवढुस्सा, आणि पापणी लवायच्या आत मरतो. सांभाळशील?"

लगमाबाईनं विळा घेतला. विळ्याच्या पाठीवर गारगोटी घासून मारली. ठिणगी उडाली, वाळल्या गवतावर पडली आणि विझली. मग तिनं गोवरीचा चुरा ठेवला. त्यावरही विझली. तिनं हताश होऊन नातीकडे पाहिलं. कोवळं लेकरू कधी कुणी गोवरीच्या चुऱ्यावर निजवतं का? म्हातारी असून हे कसं सुचलं नाही मला, असं ती स्वतःलाच बोलली.

मग तिनं उशी फाडली आणि सावरीचा कापूस काढला. थंड चुलीतला कोळसा कुस्करून त्यात चोळला. कोळशाला विस्तवाची ओळख असते, बरं का. ओळखीचं माणूस दिसलं की पाहुणा थांबतो. मग ठिणगी पडली, आणि थांबली! लाल ठिपका हळूहळू पसरू लागला. लगमाबाईनं तो गवताच्या घरट्यात ठेवला आणि बाळाच्या डोळ्यांवर घालतात तशी हलकी फुंकर घातली. धूर आला. मग जाळ आला. शेगडी पेटली, बाळाचे पाय ऊब धरू लागले, आणि त्यानं असं भोकाड पसरलं की लगमाबाईला हसूच फुटलं.

पण विस्तव रुसला होता. तो म्हणाला, "ज्या घरातून मला पुढं जाऊ देत नाहीत, त्या घरात मी राहत नाही." आणि सकाळी पाटलिणीची, गुरविणीची, कुंभारणीची, तिघींच्याही चुली थंडगार!

तिघी लगमाबाईच्या दारात आल्या. पाटलीण नि गुरवीण खाली बघत होत्या. लगमाबाईला राग आला होता, का नाही येणार? तिनं कुंभारणीला विचारलं, "माझ्या घरी सोयर आहे. इथला विस्तव चालेल तुला?"

कुंभारीण उंबरा ओलांडून आत आली, खाली बसली आणि पदर पसरून म्हणाली, "विस्तव राहू दे. आधी लेकरू दे माझ्याजवळ."

लगमाबाईचा राग तिथंच विरला. तिनं नात तिच्या पदरात घातली आणि निखारे काढायला वाकली.

मग तिन्ही चुली पेटल्या. त्या वाडीत पुन्हा विस्तव मागणाऱ्याला कुणी तिथी विचारली नाही. सगळी माणसं गरम भाकरी खाऊन उबेत निजली. निजा आता तुम्हीही. आणि बाजूच्यालाही थोडं पांघरूण द्या.