मिठाचा भाव आणि टांकसाळीचा हातोडा

एका राज्यात मी मीठ विकत होते, आणि माझं कुणीही खरं मानलं नाही. घसा बसेपर्यंत ओरडले, "बायांनो, भाव मी चढवत नाही, मैना चढवते!" बाया म्हणाल्या, "जीभ तुझी, नाव पाखराचं."

तिथली रीत अशी होती. पहाटे बाजारखांबावरची मैना दिवसाचा भाव बोले, आणि त्या भावापेक्षा कमीला कुणी माल विकत नसे. भाव रोज चढे. राजा धैर्यसिंह चिडला. विकणाऱ्यांवर दोष ठेवून त्याने मांत्रिकाकडून तेलवाल्या सटवाजीचा दगड करवला. तरी भाव चढलाच. गिऱ्हाइकं त्या दगडाला पिशव्या अडकवू लागली. मग दवंडी पिटली: उद्या मीठ चढलं, तर मिठवालीचा दगड.

मी खांबाखाली गेले. "मैनाबाई, माझ्या जिवावर का उठलीस?"

"टांकसाळीतला जादूचा हातोडा आपोआप नाणी पाडतो," मैना म्हणाली. "त्या नाण्यांच्या जोरावर राजा आपला मनोरा बांधतो. जितके घाव ऐकते, तितका भाव बोलते."

तिला खांद्यावर बसवून मी थेट दरबारात शिरले. राजा हसला. "एवढंच? थांबवा हातोडा!"

हातोडा थांबला. पहाटे खांबावरून मैना राजासमोर पुन्हा चढाच भाव बोलली. मांत्रिकाने हात उगारला, आणि माझी पावलं दगडाची झाली.

"आता काय गं?" मी किंचाळले.

"राजा दर सणाला हातोडा थांबवतो. सण सरला की पुन्हा सुरू. घाव पडणारच, म्हणून मी आधीच चढवते."

राजाने विचारलं, "मग मी काय करू?"

मैना म्हणाली, "मनोरा अर्धा सोड. हातोडा वितळव. आणि दोष कुणाचा, ते या खांबाखाली उभं राहून सांग."

मनोरा थांबला. गवंडी घरी बसले. त्यांच्या बायकांनी राजाला शिव्या घातल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही. हातोडा भट्टीत वितळला. दगड माझ्या कमरेपर्यंत चढला होता, तिथे अडला.

तिसऱ्या कामाला राजा खांबाखाली आला. म्हणाला, "दोष मांत्रिकाचा." दगड छातीला भिडला.

"अहो महाराज, माझा श्वास कोंडतोय! खरं बोला!"

"दोष माझा," राजा पुटपुटला.

दगड गळून पडला. मैना कालचाच भाव बोलली, आणि पुढे हळूहळू उतरता बोलू लागली. तिकडे सटवाजी जागा झाला. अंगावरच्या पिशव्या भिरकावून त्याने गर्जना केली, "माझा दगड झाला तो कुणापायी? मोठ्याने नाव सांगा!"

सगळा बाजार माझ्याकडे बघू लागला. मी राजाकडे बघितलं. त्याने या वेळी मान वर केली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "धैर्यसिंह."