हणमंताने फाइलीत आपलं स्थळ घातलं

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव हणमंत. गावात दुसरा प्रोग्रामर नव्हता, म्हणून सर्वांत हुशारही तोच. तालुक्याच्या भणगे सरांकडे तो पायथन ही संगणकाची भाषा शिकला होता. सरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. तो शब्द कशासाठी होता, एवढी क्षुल्लक गोष्ट तेवढी तो सोडून देई.

त्याच गावात आवडाक्कांचं वधूवर सूचक केंद्र होतं. हणमंताने सगळी स्थळं एका फाइलीत चढवली आणि आक्कांनी खुशाल कागद रद्दीत घातले. त्या फाइलीत दीपाली नावाची मुलगी होती. हणमंताचा तिच्यावर जीव जडला. तिचं गाव, नंबर काही त्याने पाठ केलं नाही. फाइलीत आहे की!

आक्का म्हणाल्या, "माझं काम नीट कर. तुझ्यासाठी मी सोता शब्द टाकते."

हणमंताने एक नवं स्थळ लिहिलं आणि फाइल उघडीच टाकून जेवायला गेला. परत येतो तर वीज गेलेली, स्थळही गेलेलं.

सर फोनवर ओरडले, "काम झालं की लगेच फाइल बंद कर!"

"लगेच?"

"लगेच!"

दुसऱ्या दिवशी आक्कांनी मुलींसाठी मुलं शोधायला सांगितली. हणमंताने फाइल उघडली, एक ओळ वाचली आणि लगेच बंद केली. पहिल्या ओळीत एक्कावन्न वर्षांचे गुंडाप्पा होते. पंचक्रोशीतल्या सगळ्या मुलींना तेच स्थळ गेलं. गुंडाप्पा नवा फेटा बांधून घरोघरी कांदेपोहे खात फिरले. तक्रार सगळ्यांनी केली, फक्त गुंडाप्पांनी केली नाही.

सर म्हणाले, "मूर्खा, शेवटपर्यंत जायचं असतं!"

एवढ्या पोह्यांत गुंडाप्पांचं कुठेतरी जमलंच. लग्न झालं. आक्का म्हणाल्या, "फाइलीत तशी दुरुस्ती कर." हणमंत इमानदारीत शेवटपर्यंत गेला आणि तळाला लिहून आला, 'गुंडाप्पांचं लग्न झालं.' वर गुंडाप्पा होते तसेच इच्छुक. स्थळं येतच राहिली. शेवटी त्यांची नवी बायको केरसुणी घेऊन केंद्रात आली. आक्का माळ्यावर लपल्या.

सरांनी कपाळाला हात लावला. "खाली जोडत बसू नकोस! 'डब्ल्यू' लावून फाइल उघड. जुनं सगळं पुसलं जातं. मग दुरुस्त केलेली अख्खी यादी पुन्हा लिही." सरांनी फोनवर एकेक अक्षर सांगितलं, म्हणून ते काम मात्र झकास झालं.

आक्का खूश. "शाब्बास! आता तुझं बी नाव घाल फाइलीत. लगेच दीपालीच्या घरी फोन लावते."

हणमंत सरसावून बसला. आयुष्याचा प्रश्न होता, एकही चूक चालणार नव्हती. खाली जोडायचं नाही, हे त्याला पक्कं आठवलं. 'डब्ल्यू' लावून त्याने फाइल उघडली, आपलं नाव लिहिलं, शेवटपर्यंत गेला आणि लगेच बंद केली.

"हं, नंबर सांग दीपालीचा," आक्का म्हणाल्या.

"पुसला."

"आँ? आन् बाकीच्या पोरी?"

"पुसल्या."

"आरं, पोरं तरी?"

"ती बी पुसली. सरांनीच सांगितलंय तसं."

आक्कांनी फोन खाली ठेवला. "मग ऱ्हायलं कोण रं त्या फाइलीत?"

हणमंत लाजला. "मीच की! आक्का, आता बिनधास्त शब्द टाका. माझ्या तोडीचं एकबी स्थळ उरलं न्हाई."