मुक्या मडक्याचं पाणी

एक होतं नगर. तिथं राहायची भागाई कुंभारीण आणि तिचा नवरा म्हाळू. एकदा पांढऱ्या कफनीतले एक महाराज तिथं आले आणि त्यांनी नगरात नि भोवतालच्या गावांत शांतिसंघ काढला. जो संघात जाई त्याची वाचाच बसे. म्हाळूही गेला आणि पापणी न हलवता घरात बसून राहू लागला. पाळण्यातली पोरंसुद्धा रडेनाशी झाली.

मग महाराज दरबारात गेले. "राजा, शंभर गावांत भांडणाचा शब्द नाही. आता राजमुद्रा माझ्या हाती दे. कुणाची हरकत आहे का, विचार."

राजानं विचारलं. भरल्या दरबारात कुणी हूं की चूं केलं नाही.

भागाई मडकी द्यायला आली होती. तिनं एका मडक्यावर टिचकी मारली, ते खणखणलं. दुसरं मुकंच राहिलं.

"महाराज, पाणी कशात भरू?"

जन्मात मडकं विकत न घेतलेले महाराज हसले. "जे शांत आहे त्यात."

तिनं पाणी ओतलं. ते सगळं महाराजांच्या पायांवर गळलं.

"तडा गेलेलं मडकं वाजत नाही, बाबा. तुम्ही गावं शांत नाही केलीत, फोडलीत!"

राजानं मुद्रा कमरेला खोचली आणि महाराजांना वेशीबाहेर घालवलं.

त्या सांजेला जेवताना म्हाळूचे ओठ हलले. "भागे, आमटी अळणी झालीय गं."

भागाई रडत रडत भांडायला बसली. तिच्या घरी परत आलेली वाचा तुमच्या घरातून कधी न जावो.