मोठी कॉफी, जायफळ जास्त

“...मग ‘कॅन आय गेट अ कॅपुचिनो’ म्हणू, की ‘कुड आय गेट’?”

“दोन्ही चालतं, बाई. कॉफी तीच मिळते.”

राऊतबाईंचं समाधान झालं नाही. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी व्याकरण शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. ‘दोन्ही चालतं’ असं लिहिणाऱ्याला त्यांनी कधी पूर्ण गुण दिले नव्हते.

पास्कल तुस्कानो सरांनी बोटीवर प्रवाशांना कॉफी देण्यात तीस वर्षं काढली. आता वसईला, आपल्या घराच्या ओट्यावर, परदेशातल्या मुलांकडे निघालेल्या आईवडलांना ते इंग्रजी शिकवत. बाई तीन आठवडे येत होत्या. आठ दिवसांनी त्यांचं विमान होतं. मेलबर्नला, लेकीकडे.

“सगळी म्हणून दाखवते.”

बाईंनी वही मिटली आणि चाळीस वाक्यं धडाधड म्हणून टाकली. कमी साखरेची, बिनफेसाची, बरोबर न्यायची, तिथेच बसून प्यायची. एक चूक नाही. मग शाबासकीसाठी थांबल्या.

सर उठून आत गेले. दारातून डोकावून म्हणाले, “कॉफी घेणार?”

“छे छे, नको हो. आत्ताच घेऊन निघाले.”

थोड्या वेळानं सर एक कप घेऊन आले. एकच. बाईंच्या समोर बसले आणि स्वतः प्यायला लागले. ओटाभर जायफळाचा वास सुटला.

बाईंना राग आला, आणि यायलाच हवा होता. ‘अर्धा कप तरी घ्या’ म्हणायची रीतसुद्धा या माणसाला ठाऊक नसावी?

“मागच्या खेपेला तिकडे काय झालं होतं?” सरांनी विचारलं.

“कोपऱ्यावर कॉफीचं दुकान आहे. गेले एकटीच, हौसेनं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काय देऊ? मी म्हटलं, नो नो, इट्स ओके...”

“मग?”

“ती गोड हसली आणि मागच्या माणसाकडे वळली. मी तशीच घरी. लेक म्हणाली, आई, एकटी जात जाऊ नकोस. त्यानंतर पाच महिने मी खिडकीतून रस्ता बघितला. या वेळी मला एकटीनं जायचंय, सर. इंग्रजी कमी पडलं माझं.”

“‘नो’ म्हणायला?”

बाई वहीचा कोपरा दुमडू लागल्या.

“तुम्हाला कॉफी नको होती?”

“हवी होती हो! पण... वाटलं, ती परत विचारेल.”

सरांनी आणखी एक घोट घेतला. परत काही विचारलं नाही.

...

कपातली कॉफी निम्म्यावर आली.

“सर,” बाई म्हणाल्या, “मला कॉफी हवी आहे.”

“कशी?”

“कशीही चालेल. उगाच तुम्हाला त्रास...”

सरांनी आपला कप पुन्हा तोंडाला लावला.

बाईंचे कान तापले. ‘कशी हवी’ हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारलं होतं. आपल्याला कशी आवडते, ते आठवायला त्यांना वेळ लागला.

“मोठी,” त्या म्हणाल्या. “साखर दोन चमचे. जायफळ जास्त. आणि कढत.”

सर असे लगबगीनं उठले, की जणू बोटीवरची घंटाच वाजली असावी.

वाफाळता कप आला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. वहीत न पाहता मागितलेली ही त्यांची पहिली कॉफी. त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली.

“आता हेच इंग्रजीत म्हणून दाखवू?”

“कशाला?” सर म्हणाले. “कॉफी आली की. प्या, गार होतेय.”